अव्वाच्या झोळ्या

लग्न होऊन सोलापुरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे चोळत बाहेर आले, तर पुढच्या सोप्यात पोरंच पोरं. तुळईला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या आणि प्रत्येक झोळीत एक तान्हं. रांगणारी खाली घोंगडीवर. एक रडतंय, एक दुसऱ्याचं जावळ ओढतंय, एक नुसतंच छताकडे बघतंय. आणि मधोमध माझ्या सासूबाई एका पायानं झोळीला झोका देत, मांडीवरच्या पोराला वाटीनं दूध पाजत बसलेल्या. माझं वय तेव्हा चौदा-पंधरा. माहेर अकलूजकडच्या खेड्यातलं. लग्न ठरवताना सांगितलं होतं की मुलगा एकुलता एक, घरात सासू आणि तो, बाकी कुणी नाही. मी दाराआड उभी राहून मनाशी म्हटलं, आपल्याला फसवलं.

सासूबाईंनी माझा चेहरा बघितला आणि त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "भिऊ नगंस. समदी माजी न्हाईत. संद्याकाळी ज्याची त्याला जात्यात."

सन तीसच्या आधीची ती वर्षं. आमचं भाड्याचं घर गिरणीच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढं सोपा. गल्लीत बहुतेक गिरणीतलीच माणसं. तेलुगू बोलणारे विणकर, दखनी बोलणारे मुसलमान, आणि आमच्यासारखी खेड्यातनं आलेली मराठी-कानडी कुटुंबं. बायकाही गिरणीत जायच्या, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. सकाळचा भोंगा व्हायच्या आत एकेक जण यायची, पोर सासूबाईंच्या हातात द्यायची आणि मागं न बघता पळायची. मागं बघितलं की पोर रडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

सासूबाई दुधनीकडच्या. घरात मराठी बोलायच्या, पण तान्ह्यांशी बोलताना आपोआप कानडी यायची. "बा, बा" म्हणजे ये ये, असं म्हणत उचलायच्या, "सुम्न इरु" म्हणजे गप राहा, असं म्हणत थोपटायच्या. त्यामुळं गल्ली त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणायची. मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची. त्यांनी या कामाचा पैसा कधी घेतला नाही. कुणी ओंजळभर ज्वारी आणून ठेवायचं, कुणी सरपणाच्या चार काटक्या. दारात एक शेळी होती, तिचं दूध पोरांनाच लागायचं. माझे यजमान शाळेत मास्तर होते. त्यांचा चहा बहुतेक वेळा कोराच असायचा. त्यांनी त्यावरून कधी कुरकुर केल्याचं आठवत नाही.

प्रत्येक पोर हातात घेतलं की आत्याबाई आधी त्याच्या कपाळाला अंगारा लावायच्या. अक्कलकोटच्या मठातला. गुरुवारी उपास असायचा आणि वर्षातनं दोनदा तरी मठात जाणं ठरलेलं. तिथनं आणलेला अंगारा देवळीत डबीत असायचा. गल्लीतल्या एका मुसलमान बाईचं पोर पहिल्यांदा आलं तेव्हा आत्याबाई डबी हातात धरून थांबल्या. तिनंच पोराचं कपाळ पुढं केलं. "लगाव अव्वा, लगाव. मेरे बच्चे को क्या अलग रखते?" आत्याबाईंनी बोट टेकवलं, आणि मग तो रोजचाच रिवाज झाला.

अंगाऱ्यानंतर त्या आणखी एक गोष्ट करायच्या. पोराच्या तोंडाचा वास घ्यायच्या. पापणी वर करून डोळा बघायच्या, तळपायाला हलकासा चिमटा घ्यायच्या. पोर किंचाळलं की त्यांचा चेहरा उजळायचा. रडणाऱ्या पोराचा त्यांना कधी त्रास झाला नाही. एखादं जास्तच शांत असलं की मात्र त्या बेचैन व्हायच्या, पुन्हा पुन्हा उठून त्याच्या नाकाशी बोट धरायच्या. मला हे सगळं चमत्कारिक वाटे. एकदा दुपारी सहाणेवर मुरडशेंग उगाळताना मी विचारलं, "आत्याबाई, सारखा वास कशाचा घेता?"

"अफूचा," त्या म्हणाल्या.

मग उगाळता उगाळता त्यांनी सांगितलं. दोन वर्षं पाऊस पडला नाही म्हणून ती दोघं नवरा-बायको रान सोडून सोलापुरात आली. दोघंही गिरणीत लागली. इथंच पहिली मुलगी झाली. पोर सांभाळायला घरात कुणी नाही. शेजारच्या बायकांनी सांगितलं, आम्ही करतो तसं कर. मोहरीएवढी अफूची गोळी दुधात विरघळवून द्यायची. संध्याकाळपर्यंत पोर हलत नाही. "समद्याच देत व्हत्या की. मी बी दिली. लई दिस दिली." एका संध्याकाळी त्या गिरणीतनं आल्या, पदरानं ऊर पुसून पोरीला पाजायला घेतलं, आणि पोर उठलीच नाही.

"किती महिन्यांची होती?" मी विचारलं.

त्यांनी सहाण माझ्याकडं सरकवली. "ही घुटी त्या कोपऱ्यातल्याला चाटव. त्येचं पोट फुगलंय."

त्यानंतर त्या गिरणीत गेल्या नाहीत. सासऱ्यांच्या एकट्याच्या कमाईत भागवलं. आधी शेजारणीचं एक पोर घेतलं, मग दुसरं. सासरे गेले, मुलगा शिकून मास्तर झाला, पण झोळ्या सुटल्या नाहीत. ही हकीगत त्यांनी मला एकदाच सांगितली. पुन्हा मी विचारली नाही.

त्या काळातली एक गोष्ट मात्र आठवली की अजून मला हसू येतं. तान्ह्यांना दिवसभर आईचं दूध मिळत नसे. शेळीचं दूध काहींना सोसायचं नाही. आत्याबाईंनी आयांना सांगितलं, दुपारी घटकाभर या. त्या म्हणाल्या, खात्यावरचा मुकादम सोडत नाही. आत्याबाई म्हणाल्या, बरं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन पोरं आपल्या कडेवर घेतली, दोन माझ्या कडेवर दिली, शेजारच्या म्हातारीकडं आणखी एक, आणि आम्ही गिरणीच्या फाटकाशी जाऊन बसलो. उन्हाचा चटका. पोरांनी गळे काढले. पहारेकरी ओरडला, "ए म्हातारे, ऊठ हितनं."

आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मी कुटं काय म्हन्तेय? ही भुकेली हायती. यांचं तुमी ऐका."

माणसं जमली. मुकादम बाहेर आला, आत गेला, परत आला. तो हात जोडून म्हणाला, "अव्वा, ह्यास्नी गप करा की." त्या म्हणाल्या, "माज्यानं न्हाय हुयाचं. त्येंच्या आया आत हायत." आम्ही रोज जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी त्यानं लहान फाटक उघडलं आणि आयांना भाकरीच्या सुट्टीत बाहेर सोडायला कबूल झाला. फाटकाबाहेरच्या भिंतीच्या सावलीत त्या ओळीनं बसायच्या, केसांत कापसाची लव अडकलेली, आणि पोरं चुटूचुटू प्यायची. आत्याबाई उभ्या राहून बघायच्या. मला वाटायचं, या बाईला जमणार नाही असं काही नसेलच.

माझी थोरली झाली, मग धाकटा. ती दोघंही त्याच झोळ्यांत वाढली. धाकटा बसायला लागला त्या सुमाराला पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. आमटीत दोनदा मीठ पडलं. शेळीची धार काढून झाल्यावर त्या पुन्हा भांडं घेऊन निघाल्या. मी हसून सोडून दिलं. मग एका गुरुवारी त्या देवळीपुढं बसून रोजचं स्तोत्र म्हणत होत्या आणि मधेच थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबल्या. त्यांचं ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं. मी चुलीपासनं पुढचा शब्द सांगितला. त्या माझ्यावर उसळल्या, "तू मला शिकवतीस व्हय?" आणि लगेच त्यांचा चेहरा असा झाला की मी जागेवरनं उठले. त्या भ्याल्या होत्या. त्यांना भ्यालेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्यांनी विणकराच्या घरचं पोर मुसलमान बाईच्या हातात दिलं. ती दोन पावलं गेली आणि परत फिरली. "अव्वा, ये मेरी बेटी नै. मेरी वो झोली में है." सगळ्या हसल्या. आत्याबाईही हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून आया स्वतःच झोळीत वाकून आपलं पोर उचलायला लागल्या, आणि उचलताना माझ्याकडं बघायला लागल्या.

यजमानांनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली, चार प्रश्न विचारले. बाहेर येऊन यजमानांना म्हणाले, "वयानं होतं असं. औषध नाही. एकटं सोडू नका." वैद्यानं तूप दिलं. ते त्या आवडीनं खायच्या आणि खाल्लेलं विसरून पुन्हा मागायच्या.

मग यजमान म्हणाले, मठात नेऊन आणू. आम्ही आगगाडीनं गेलो, स्टेशनवरनं पुढं टांगा केला. वाटेत त्या पोरीसारख्या खुशीत होत्या. टांगेवाल्याशी कानडीत गप्पा चालल्या होत्या, त्याला स्वतःच्या माहेरची शेतं सांगत होत्या. मला वाटलं, आला गुण. मठात त्यांनी पादुकांवर डोकं टेकवलं, प्रदक्षिणा घातल्या आणि वडाच्या सावलीत येऊन माझ्याजवळ बसल्या. बराच वेळ लोकांची ये-जा बघितली. मग माझ्या कानाशी लागून हळूच म्हणाल्या, "कुनाचं गं देऊळ ह्ये?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या स्वामींचा मठ की."

"आसं व्हय." त्यांनी पदर सावरला. मग एकदम उठायला लागल्या. "मग मी हितं काय करतीया? पोरास्नी कोन बगतंय तिकडं?"

यजमान शेजारीच होते. त्यांनी तोंड फिरवलं. ज्या देवापुढं त्यांनी जन्म काढला तो देव पुसला गेला होता आणि पोरं राहिली होती. ही कृपा म्हणावी की कोप, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

परत आल्यावर महिनाभरातच ते घडलं. मी मागच्या दाराशी धुणं आपटत होते. परत सोप्यात येऊन बघते तर आत्याबाई नाहीत आणि कोपऱ्यातली झोळी रिकामी. ते पोर गल्लीत नव्यानं आलेल्या एका तरुण बाईचं होतं, पहिलटकरणीचं. मी ओरडतच रस्त्यावर आले. शेजारची म्हातारी पोरांपाशी बसली आणि मी अनवाणी पळत सुटले. शाळेत निरोप गेला. यजमान एकीकडं, मी एकीकडं. शेवटी त्या तलावाच्या काठाशी सापडल्या, पाण्याच्या अगदी कडेला, पायऱ्यांवर. पोर छातीशी घट्ट धरलेलं. उन्हानं लालबुंद झालेलं, पण सुखरूप. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. रानाकडची वाट कुटली गं? हिला दूध पाजायचं हाय, आन् वाटच घावंना."

संध्याकाळी त्या तरुण बाईला कुणीतरी सांगितलंच. ती आली, पोर घेतलं, त्याचे हातपाय चाचपले. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत्याबाईंच्या पाया पडली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिचं पोर आलं नाही. त्या आठवड्यात आणखी दोन आली नाहीत. कुणी वाईट शब्द बोललं नाही. एक म्हणाली, गावाकडनं नणंद आलीय. एक म्हणाली, पोराला सर्दी आहे. नणंद आली नव्हती हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही कळत होतं.

मी दारोदार जाऊन सांगितलं की पोरं मी सांभाळीन, अव्वांना हात लावू देणार नाही. काही जणींनी पुन्हा आणली. तेव्हा मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. एका हातानं झोळी, दुसऱ्या हातानं आत्याबाईंचा पदर, अशी मी दिवसभर असायची. त्या सारख्या उठून पोरं घ्यायला बघत. मी हात धरला की म्हणायच्या, "माजं लेकरू हाय, सोड." त्यांच्या हातातनं पोर काढून घेणं म्हणजे काय, ते मला सांगता येत नाही. हाताला अजून तेवढाच जोर होता त्यांच्या. मग गोवर आला. आधी माझ्या धाकट्याला, त्याच्याकडनं झोळीतल्या दोघांना. तिघंही वाचली. पण यजमान एक दिवस शाळेतनं आले, मला सोप्यात तापलेल्या पोरांमध्ये भिंतीला टेकून बसलेली बघितली, आणि एकेक झोळी सोडायला लागले. मी नको म्हटलं नाही. अंगात त्राणच नव्हतं. लुगडी घडी करून त्यांनी आत ठेवली. आत्याबाई बघत होत्या. म्हणाल्या, "धुवायला काडली व्हय? बरं केलं."

त्यानंतर गल्लीतल्या पोरांचं काय होतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी बायका गेल्या की गल्ली सामसूम व्हायची. पोरांच्या रडण्याची मला इतकी सवय झालेली की ती शांतता सहन होत नसे. मी एखाद्या दारापाशी कान देऊन उभी राहायची. बाहेरून कुलूप नसलं तर आत जाऊन श्वास बघायची. पण किती घरं बघणार? आणि बघून करणार काय? आईला म्हणावं, अफू देऊ नकोस, तर ती विचारणार, मग काय करू? एकीनं विचारलंही. मी खाली मान घालून घरी आले.

पावसाळ्याच्या शेवटी त्या तरुण बाईचं पोर गेलं. तळ्याकाठी सापडलं होतं तेच. ती संध्याकाळी गिरणीतनं आली आणि ते उठलं नाही. गल्लीत रडारड झाली, पुरुष लहानसं गाठोडं घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी आतून बघितलं, पण बाहेर गेले नाही. आत्याबाई ओट्यावरच होत्या. तिच्याजवळ सरकल्या. तिच्या केसांवरनं हात फिरवला, तिची हनुवटी वर केली.

"लेकरू कुटं ठिवलंस?" त्यांनी विचारलं.

तिनं पदर उराशी ओढला.

"पाजलंस का? तुजं ऊर भरलंय बग. चोळी भिजलीया. आन त्येला हिकडं. मी हाय न्हवं?"

ती बाई त्यांच्या मांडीत डोकं खुपसून अशी रडली की मी कान झाकून घेतले. आत्याबाई तिला थोपटत राहिल्या, "सुम्न इरु, सुम्न इरु" म्हणत. का रडतेय हे त्यांना कळलं नव्हतं. कळलं असतं तर काय झालं असतं, असं मनात आलं, आणि कळत नाही हेच बरं असं वाटून मलाच कसंतरी झालं.

त्यानंतर आत्याबाई फार दिवस चालत्या-फिरत्या राहिल्या नाहीत. हळूहळू उठणं बंद झालं, मग बोलणं. माझं तिसरं झालं तेव्हा मी त्याला त्यांच्या कुशीत ठेवायची आणि स्वतः हाताच्या अंतरावर बसायची. त्या त्याच्या तोंडाशी नाक न्यायच्या, मग पापणीला बोट लावायच्या. एवढं शेवटपर्यंत त्यांच्या हातांनी सोडलं नाही. मी त्यांना अंघोळ घालायची, भरवायची, कुशीवर वळवायची. एवढंच माझ्या हातात होतं. यजमान शाळेतनं आले की त्यांच्या पायाशी बसून स्तोत्र म्हणायचे. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे.

थंडीत एका सकाळी त्या गेल्या. कामाचा दिवस होता. गल्लीतल्या बायकांना सुट्टी कोण देणार? म्हातारी माणसं, विणकर शेजारी, यजमानांच्या शाळेतले दोघं-तिघं मास्तर, एवढीच माणसं सोबत गेली. बायका आल्या त्या संध्याकाळी, गिरणीतनं परस्पर, घरी न जाता. सोपा भरून गेला. मुसलमान बाई उंबऱ्याशी बसून पदरानं डोळे पुसत होती. विणकराच्या घरची बाई एवढंच म्हणाली, "अव्वा लई चांगला व्हता," आणि तिच्या मोडक्या मराठीला कुणी हसलं नाही.

एकेक करून सगळ्या उठल्या. ती तरुण बाई मागं राहिली. मी तिच्या पोटाकडं बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. पदर नीट करून ती म्हणाली, "बाई, शिमग्याच्या पुढं होईल आसं वाटतंय. मालक म्हन्त्यात, काम सोडून चालायचं न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "तवा मी त्येला कुटं ठिवू?"

माझं तिसरं मांडीवर दूध पीत होतं. मी तिला बस म्हटलं. ती बसली. आम्ही दोघींनी वर रिकाम्या तुळईकडं बघितलं. मला काही सुचलं नाही, आणि अंधार पडायला लागला तेव्हा ती उठून आपल्या घरी गेली.